मेल गेटवेवर आर्काइव्ह लावताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोर्ट, बॅलार्ड इस्टेट, अंधेरी एमआयडीसी अशा भागांतल्या वीस ते दोनशे मेलबॉक्सच्या कचेऱ्यांचे मेल सांभाळायचं काम मी करतो. गिऱ्हाइकं बहुतेक क्लिअरिंग एजंट, फॉरवर्डर, सीए आणि एखाद-दुसरा शेअर ब्रोकर. आर्काइव्हची आठवण या मंडळींना दोनदाच होते: ऑडिटर आला की, नाहीतर भांडण लागलं की. तेव्हा फोनवर जे विचारलं जातं तेच खाली घेतलं आहे. मेल गेटवे म्हणजे कचेरीचे येणारे-जाणारे मेल तपासणारी यंत्रणा. हे कुठल्या एका कंपनीच्या गेटवेचं मॅन्युअल नाही. तुमच्या स्क्रीनवर मेनूची नावं वेगळी असतील, वाट साधारण हीच.

आमच्याकडे रोज बॅकअप होतो. मग आर्काइव्ह कशाला?

बॅकअप रात्री दोन वाजता होतो. सकाळी अकराला आलेला मेल कोणी साडेअकराला डिलीट केला, कचऱ्यातूनही काढला, तर त्या रात्रीच्या बॅकअपला तो दिसतच नाही. बॅकअप म्हणजे मेलबॉक्स त्या क्षणी कसा होता त्याचा फोटो. आर्काइव्हमध्ये प्रत्येक मेलची प्रत तो जाता-येतानाच निघते, पुढे माणसाने त्याचं काय केलं याच्याशी तिला देणंघेणं नसतं.

एका फॉरवर्डरकडचा प्रसंग सांगतो. न्हावा शेवा बंदरात दोन कंटेनर अडकले आणि डिमरेज, म्हणजे फुकट मुदतीपलीकडे (फ्री टाइम) माल पडून राहिल्याचा दंड, कोणी भरायचा यावरून वाद पेटला. समोरच्या माणसाने 'पाच दिवस फ्री टाइम वाढवून देतो' असा मेल केला होता, हे ऑफिसात चार जणांना पक्कं आठवत होतं. मेल आला होता ऑपरेशन्समधल्या एका मुलीच्या मेलबॉक्सवर. ती सहा महिन्यांपूर्वी नोकरी सोडून गेली होती आणि लायसन्सचे पैसे वाचावेत म्हणून तिचा मेलबॉक्स काढून टाकला होता. बॅकअप होता, पण तीस दिवसांपुरताच. मालक मला म्हणाले, "अहो, दरमहा बॅकअपचं बिल देतो ना मी तुम्हाला?" देत होते, खोटं नाही. डिमरेजही त्यांनीच भरलं.

मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये काढून टाकलेला मेलबॉक्स ३० दिवस परत आणता येतो. गुगल वर्कस्पेसमध्ये डिलीट केलेला वापरकर्ता २० दिवस. वाद मात्र एवढ्यात कधी उभा राहत नाही.

जीमेलमध्ये आर्काइव्ह बटण आहे, आउटलुकमध्येही आहे. तेच ना हे?

नाही. जीमेलचं बटण मेल इनबॉक्समधून फक्त बाजूला करतं, आउटलुकचंही तसंच. आउटलुकचं ऑनलाइन आर्काइव्ह म्हणजे त्याच माणसाचं दुसरं कपाट, आणि त्याची किल्लीही त्याच्याचकडे. नाव सारखं असल्यामुळे हा गोंधळ दर दुसऱ्या मीटिंगला होतो.

गेटवेवर आर्काइव्ह पॉलिसी चालू केली की सगळे मेल त्यात येतात ना?

येत नाहीत, आणि सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन बघा. बाहेरून कोण आलं, कोण गेलं, सगळं त्याच्या वहीत असतं. पण दुसऱ्या मजल्यावरच्या काकू चौथ्या मजल्यावर हळदीकुंकवाला गेल्या, याची नोंद वहीत सापडणार नाही, कारण त्या गेटमधून गेल्याच नाहीत. मेल गेटवेचंही तसंच. बाहेरून येणारे आणि बाहेर जाणारे मेल त्याच्यासमोरून जातात. अकाउंट्समधून सेल्सला गेलेला मेल मेल सर्व्हरच्या आतल्या आत पोहोचतो, गेटवेला त्याचा पत्ता लागत नाही.

आता विचार करा, ऑडिटरला किंवा वकिलाला काय हवं असतं? 'हे पेमेंट कोणी मंजूर केलं', 'ही किंमत खाली आणायला कोणी सांगितलं'. म्हणजे बहुतेक वेळा आतलाच पत्रव्यवहार. त्यामुळे मी गेटवेची पॉलिसी चालू करतो, पण तिच्यावर थांबत नाही. सर्व्हरवरून जर्नलिंग लावून, म्हणजे प्रत्येक मेलची प्रत सर्व्हरलाच पाठवायला लावून, आतले मेलही आर्काइव्हकडे वळवतो. दोन्ही लावले तर काही मेल दोनदा येतील. आर्काइव्ह मेसेज-आयडीवरून (प्रत्येक मेलची स्वतंत्र ओळखखूण) डुप्लिकेट ओळखत असेल तर येऊ द्या. ओळखत नसेल तर सगळंच जर्नलिंगवर टाका आणि गेटवेची पॉलिसी बंद ठेवा.

दुसरी पळवाटही तपासा. स्कॅनर, टॅली, ईआरपी आणि वेबसाइटचा फॉर्म हे बऱ्याचदा गेटवेला वळसा घालून वेगळ्याच रिलेवरून (मेल पुढे ढकलणाऱ्या सर्व्हरवरून) मेल पाठवतात. बिलं तिथूनच जात असतात.

जर्नलिंग प्रत्यक्षात कसं लावायचं?

मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर आधी, न पोहोचलेले जर्नल रिपोर्ट (म्हणजे या प्रती) जिथे परत यायला हवेत तो पत्ता ठरवावा लागतो. तो दिल्याशिवाय नियम पुढे सरकत नाही. मग जर्नल नियम बनवा: कोणाचे मेल, आतले की बाहेरचे की सगळे, आणि प्रत कुठल्या पत्त्यावर. हा पत्ता एक्सचेंज ऑनलाइनच्याच मेलबॉक्सचा चालत नाही, बाहेरच्या आर्काइव्हचाच लागतो. 'ऑफिसचाच एक जास्तीचा मेलबॉक्स देतो की' असं म्हणणारे इथे अडतात.

गुगल वर्कस्पेसमध्ये ॲडमिन कन्सोलच्या जीमेल राउटिंगमध्ये बाहेरच्या आर्काइव्हला प्रत पाठवायची सोय आहे. बिझनेस प्लस किंवा वरचा प्लॅन असेल तर व्हॉल्ट, म्हणजे गुगलचं स्वतःचं आर्काइव्ह, हेही मिळतं आणि पुष्कळ कचेऱ्यांना तेवढं पुरतं. फक्त लक्षात असू द्या, वापरकर्त्याचं खातं काढून टाकलं की त्याचा व्हॉल्टमधला डेटाही जातो. गेलेल्या माणसाला आर्काइव्ह्ड युजरच्या लायसन्सवर ठेवा, सरळ डिलीट करू नका.

स्वतःचा पोस्टफिक्स मेल सर्व्हर चालवणाऱ्यांसाठी 'ऑलवेज_बीसीसी' (प्रत्येक मेलची गुपचूप प्रत एका पत्त्यावर) ही एकच ओळ पुरते असं सगळीकडे वाचायला मिळतं. लावायला सोपी आहे. तिच्याबद्दल पुढच्या प्रश्नात, कारण तिने माझी झोप उडवली होती.

काहीही वापरा, तीन गोष्टी आधी करून घ्या. जर्नल येण्याच्या मार्गावर टीएलएस (वाटेतलं एन्क्रिप्शन) सक्तीचं करा, नाहीतर कंपनीचा सगळा पत्रव्यवहार उघड्या पोस्टकार्डासारखा जाईल. त्या मार्गाला गेटवेच्या स्पॅम आणि डीमार्क (पाठवणारा खरा आहे का) तपासणीतून सूट द्या, पण सूट आयपी किंवा सर्टिफिकेट बघून द्या. पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून दिली तर तो पत्ता कोणीही लावून येईल. आणि आकाराची मर्यादा वाढवा. जर्नल रिपोर्टमध्ये मूळ मेल आख्खा जोडलेला असतो, त्यामुळे तो मूळ मेलपेक्षा मोठाच असणार. मेलला २५ एमबीची मर्यादा असेल तर जर्नलच्या वाटेला मी ४० ठेवतो.

बीसीसीने एका मेलबॉक्समध्ये प्रती टाकल्या तर काय बिघडलं?

बरंच.

बीसीसीच्या प्रतीला मेलचा लिफाफा मिळत नाही. मेल खरोखर कोणाकोणाला गेला हे एसएमटीपीच्या, म्हणजे दोन मेल सर्व्हरांमधल्या, संवादात असतं; तोच लिफाफा. मेलच्या वरच्या मजकुरात 'टू' आणि 'सीसी' एवढंच दिसतं. कोणी कोटेशन पाठवताना गुपचूप आपल्या खासगी पत्त्याला बीसीसी केलं, तर तुमच्या प्रतीत तो पत्ता दिसणार नाही. नेमकी तीच माहिती पुढे हवी असते. एक्सचेंजच्या जर्नल रिपोर्टमध्ये ती वेगळी लिहिलेली असते, म्हणून मी जर्नलिंगच्या बाजूचा.

दुसरं, मेल स्कॅनरमधून फिरून पोस्टफिक्सकडे परत येत असेल तर प्रत्येक मेलच्या दोन-दोन प्रती पडतात, एक जाताना आणि एक येताना. परतीच्या वाटेवर पत्त्यांचं मॅपिंग बंद केलं की हे थांबतं.

आता झोपेचं. सुरुवातीच्या काळात एका कचेरीत मी असाच एक मेलबॉक्स आर्काइव्ह म्हणून लावला होता. कोटा ठेवला ५० जीबी आणि विसरलो. शुक्रवारी संध्याकाळी तो भरला. पोस्टफिक्समध्ये बीसीसीच्या पत्त्यावरून मेल परत आला की बाउन्स मूळ पाठवणाऱ्याकडे जातो. म्हणजे त्या संध्याकाळपासून त्या कचेरीला मेल करणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला उत्तर येऊ लागलं की 'आर्काइव्ह' नावाचा मेलबॉक्स भरलेला आहे. मेल पोहोचत होते, पण लोकांना वाटलं पोहोचत नाहीत. वर हेही कळलं की त्यांच्या प्रत्येक मेलची कुठेतरी प्रत ठेवली जाते. सोमवारी मालकांना चौदा फोन आले. त्यांनी मला बोलावलं, खुर्ची दाखवली आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

कोणती प्रत ठेवायची, गेटवेने तपासण्याआधीची की नंतरची?

गेटवे मेलला हात लावतो. विषयात 'बाहेरून आलेला' असा शिक्का घालतो, खाली डिस्क्लेमर चिकटवतो, लिंका बदलून स्वतःच्या पत्त्यावरून वळवतो, कधी अटॅचमेंट काढून टाकतो. मजकुराला हात लागला की पाठवणाऱ्याची डीकेआयएम सही (मेलमधली छुपी डिजिटल सही) जुळत नाही. उद्या 'हा मेल आम्ही पाठवलाच नव्हता' असं समोरचा म्हणाला, तर ती सहीच तुमच्या कामी येणारी असते.

म्हणून येणाऱ्या मेलची प्रत बदलाआधीची आणि जाणाऱ्याची बदलानंतरची, म्हणजे समोरच्याला जशी मिळाली तशी, असं मी ठेवतो. सगळ्या गेटवेत हे निवडता येत नाही. खरेदी करण्याआधी विक्रेत्याला हा प्रश्न विचारा आणि उत्तर मेलवर घ्या.

स्पॅमही ठेवायचा का?

नको. पण क्वारंटाइनमधून (संशयित मेल अडकवायच्या जागेतून) सोडलेला मेल सोडतानाच आर्काइव्हमध्ये गेला पाहिजे. काही ठिकाणी सुटलेला मेल वेगळ्या रांगेतून जातो आणि राहून जातो. एक मेल मुद्दाम अडकवून, सोडून बघा.

किती वर्षं ठेवायचं?

हा प्रश्न माझा नाही, तुमच्या सीएचा आणि वकिलाचा आहे. त्यांच्याकडे जाण्याआधी हाताशी असावेत असे काही आकडे देतो. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२८ प्रमाणे हिशेबाची पुस्तकं आणि त्यांची व्हाउचरं ८ आर्थिक वर्षं ठेवावी लागतात. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे वार्षिक विवरण भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने. सेबीच्या नियमांत शेअर ब्रोकरना कागदपत्रांसाठी किमान मुदत ठरवून दिलेली आहे. कराराच्या दाव्याला मुदत कायद्याप्रमाणे साधारण ३ वर्षं मिळतात. यात 'ईमेल' असं कुठे नाव घेऊन लिहिलेलं नसतं. पण बिल, मंजुरी, दराची कबुली हे सगळं मेलवरच असेल, तर मेल हाच कागद.

माझ्याकडच्या बहुतेक कचेऱ्या सरसकट ८ वर्षं धरतात. 'कायमचं ठेवू, डिस्क स्वस्त आहे' हा मोह मात्र टाळा. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा, २०२३ सांगतो की काम संपल्यावर, आणि दुसऱ्या कुठल्या कायद्याने ठेवणं बंधनकारक नसेल तर, माणसाची माहिती पुसायला हवी. नोकरीसाठी आलेल्या आणि न घेतलेल्या उमेदवारांचे बायोडेटा आठ वर्षं सांभाळायचं कारण सांगता येणार नाही. एचआरच्या पत्त्याला वेगळी, कमी मुदत लावा.

लॉग ही वेगळी गोष्ट. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे यंत्रणांचे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. गेटवेचे डिफॉल्ट लॉग पुष्कळदा त्याच्या आतच गळून पडतात. त्याच निर्देशांत सगळ्या यंत्रणांची घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय माहिती केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायला सांगितलं आहे. ते आजच करून टाका. गेटवे आणि सर्व्हरच्या वेळेत सात मिनिटांचा फरक असला की कुठला मेल आधी गेला यावर वकील तासभर बोलू शकतात.

हे कोर्टात चालतं का?

चालतं, रीतीने आणलं तर. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ७ मध्ये अट स्पष्ट आहे: नोंद पुढे वापरता येईल अशी असावी, मूळ स्वरूपात किंवा मूळाशी तंतोतंत जुळणाऱ्या स्वरूपात असावी, आणि ती कुठून निघाली, कुठे पोहोचली, कोणत्या तारखेला, किती वाजता हे कळावं. मेलचा प्रिंटआउट काढून फाइलला लावला की यातलं निम्मं गळतं.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र लागतं. पूर्वी ते पुरावा कायद्याच्या कलम ६५ब खाली असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली आहे आणि त्याचा नमुना कायद्याच्या अनुसूचीतच दिला आहे. त्याचे दोन भाग: एक पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. दोन्हीकडे हॅश व्हॅल्यू (फाइलचा डिजिटल ठसा, मजकूर बदलला की तोही बदलतो) लिहायची असते. प्रमाणपत्राशिवाय भागेल का, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मिटवला, तोही आपल्याच राज्यातल्या खटल्यात. जालना विधानसभेच्या निवडणुकीवरून गेलेलं ते प्रकरण, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. मूळ यंत्रच कोर्टात आणून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर गोष्ट वेगळी, एरवी प्रमाणपत्र हवंच.

म्हणून आर्काइव्ह घेताना तो प्रत्येक मेलची हॅश आत येतानाच काढून ठेवतो का, एवढं बघा. तीन वर्षांनी, भांडण लागल्यावर काढलेल्या हॅशने एवढंच सिद्ध होतं की मेल आज असा आहे.

जागा किती लागेल?

कागदाच्या कोऱ्या पाठीवर मांडण्याचं गणित आहे. ४० मेलबॉक्स, प्रत्येकी दिवसाला ६० मेल, सरासरी १५० केबी. दिवसाचे २,४०० मेल, ३६० एमबी. वर्षाला ३०० दिवस धरा, १०८ जीबी. आठ वर्षांत ८६४ जीबी. गेटवेच्या आतल्या डिस्कवर हे कधीच ठेवू नका, ती रांगेसाठी आणि क्वारंटाइनसाठी असते. ती भरली की मेलच थांबतो.

सरासरी मात्र स्वतःच्या लॉगमधून काढा. शिपिंगच्या कचेरीत स्कॅन केलेले बिल ऑफ लेडिंग (जहाजी मालाच्या पावत्या) दिवसभर फिरत असतात आणि अटॅचमेंट मेलमध्ये शिरताना बेस६४ या रूपांतरामुळे साधारण एक तृतीयांश फुगते. ६ एमबीची पीडीएफ ८ च्या वर जाते. तीच पीडीएफ बारा जणांना 'रिप्लाय ऑल' झाली तर आर्काइव्ह ती एकदाच साठवतो की बारा वेळा, यावर बिल ठरतं.

ऑफिसात ठेवायचं की क्लाउडवर?

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला. तेव्हा तळमजल्यावर आणि तळघरात सर्व्हर ठेवलेल्यांनी नंतर ते पंख्याखाली वाळवले होते. अजूनही अंधेरी आणि साकीनाक्याच्या गाळ्यांमध्ये मी जिन्याखाली ठेवलेला रॅक बघतो. जागा नाही हे कारण मला मान्य आहे, मुंबई आहे. पण मग एक प्रत दुसऱ्या ठिकाणी हवी. महापे-ऐरोलीच्या डेटा सेंटरमध्ये ठेवा किंवा क्लाउडवर. क्लाउडचा मुंबई रीजन घेतलात तर दुसरी प्रत हैदराबादसारख्या दुसऱ्या शहरात पाडा. पाऊस आणि वीज दोन्ही एकदम गेलेली या शहराने पाहिली आहे.

क्लाउडच्या स्टोरेजवर ऑब्जेक्ट लॉक (ठरलेल्या मुदतीपर्यंत पुसू न देणारं कुलूप) लावा. ॲमेझॉनच्या एस३ मध्ये त्याचे दोन प्रकार आहेत. गव्हर्नन्समध्ये खास परवानगी असलेला माणूस कुलूप काढू शकतो. कम्प्लायन्समध्ये मुदत संपेपर्यंत खुद्द खात्याच्या मालकालाही पुसता येत नाही. दुसरा प्रकार लावताना मुदतीचा आकडा दोनदा वाचा. ८ ऐवजी ८० टाकलं तर नातवंडं बिल भरतील.

आर्काइव्ह सर्व्हर बंद पडला तर मधले मेल हरवतात?

लगेच नाही. पाठवणारा सर्व्हर ते रांगेत धरून ठेवतो. पोस्टफिक्स डिफॉल्टने ५ दिवस धरतो, काही ठिकाणी ही मुदत एक-दोन दिवसांचीच असते. धनत्रयोदशीला संध्याकाळी सर्व्हर बसला आणि भाऊबीज करून तुम्ही कामावर आलात, की तेवढ्यात मुदत उलटलेली असू शकते. सुट्टीआधी ती वाढवून ठेवा आणि रांग ठरावीक आकड्यापलीकडे गेली की मोबाइलवर मेसेज येईल असं करा. आर्काइव्ह बंद पडल्याची तक्रार करायला कोणी येत नाही, मेल तर चालूच असतो.

जुन्या पीएसटी फाइलींचं (आउटलुकच्या मशीनवरच्या साठ्याचं) काय?

आणा, पण वेगळ्या कप्प्यात. लोकांच्या मशीनवरून गोळा केलेल्या पीएसटीमध्ये लिफाफा नसतो आणि मधल्या काळात कोणी काय खोडलं ते सांगता येत नाही. 'आयात केलेलं' असा शिक्का त्यांच्यावर असू द्या, म्हणजे थेट पकडलेल्या मेलची पत त्यांच्यामुळे जाणार नाही. मुदत मेलच्या तारखेपासून मोजायला लावा. आयातीच्या तारखेपासून मोजली तर २०१५ चे मेल आणखी आठ वर्षं मुक्काम ठोकतात.

मराठीतले मेल शोधून सापडतील का?

हा प्रश्न मला एकाच बाईंनी विचारला, एका पतसंस्थेच्या व्यवस्थापिका. बाकी कोणाला सुचत नाही आणि मग पंचाईत होते.

युनिकोडमध्ये लिहिलेलं सापडतं, पण अडखळत. आपली नामं प्रत्यय लागला की अंग बदलतात. 'करार' शोधताना शेवटी तारका लावलीत तर 'कराराचा', 'करारात' सगळे येतात. 'रक्कम' ला तारका लावून 'रकमेचा' येत नाही, कारण एक 'क' गळालेला असतो. तिथे 'रक' पर्यंतच लिहून शोधावं लागतं आणि मग 'रकाना' वगैरे पाहुणेही येतात. 'कऱ्हाड' मधला अर्धा 'र' दोन तऱ्हांनी टाइप होतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला वेगळे. दोन्ही तऱ्हांनी शोधून बघा.

खरा घोळ जुन्या फॉन्टांचा. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या वर्ड फाइली अजून मेलला जोडून येतात. आत रोमन अक्षरांची खिचडी असते, फॉन्टमुळे ती फक्त मराठी दिसते. कुठलंही आर्काइव्ह तिच्यात 'ठराव' शोधू शकत नाही. तीच गत स्कॅन केलेल्या पानांची, ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखायची सोय) नसेल तर. पासवर्ड लावलेल्या पीडीएफचीही. अशा मेलच्या विषयात ठराव क्रमांक आणि तारीख युनिकोडमध्ये लिहायची सवय त्या बाईंनी सगळ्यांना लावली. आठ लाखांच्या सॉफ्टवेअरने झालं नसतं ते एका कडक परिपत्रकाने झालं.

म्हणजे आता मालक सगळ्यांचे मेल वाचणार?

तांत्रिकदृष्ट्या वाचू शकतात. म्हणून शोधायचा अधिकार एकट्याला देऊ नका. एकाने शोध मागावा, दुसऱ्याने मंजूर करावा आणि कोणी, कधी, काय शोधलं हे त्यांना पुसता येणार नाही अशा लॉगमध्ये उतरावं. माझ्यासारख्या ॲडमिनला यंत्रणा चालवायचा अधिकार पुरे, मजकूर वाचायचा नको. मी स्वतःच तो काढून घ्यायला सांगतो. उद्या काही फुटलं तर पहिला संशय आपल्यावरच.

कर्मचाऱ्यांना लेखी सांगा की कंपनीच्या पत्त्यावरचा प्रत्येक मेल साठवला जातो. नेमणूकपत्रात एक ओळ घाला आणि जुन्यांच्या सह्या घ्या. मुलाच्या शाळेचे, डॉक्टरांच्या रिपोर्टचे मेल लोक त्यानंतर आपोआप स्वतःच्या जीमेलवर नेतात.

उद्या व्हेंडर बदलला तर?

सगळा साठा ईएमएल किंवा एमबॉक्स या खुल्या फाइल-प्रकारांत, लिफाफ्याच्या माहितीसकट, किती दिवसांत आणि किती रुपयांत बाहेर काढून देणार, हे पहिल्याच करारात लिहून घ्या.

चालू आहे हे कसं ओळखायचं?

डॅशबोर्डवरच्या हिरव्या टिकल्यावर विश्वास ठेवू नका. मी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी पाच मेल पाठवतो: बाहेरून आत, आतून बाहेर, आतून आत, एक बीसीसीवाला आणि एक मोठ्या अटॅचमेंटचा. प्रत्येकात न विसरता येणारा शब्द असतो, गेल्या महिन्यात 'कोथिंबीरवडी' होता. दुसऱ्या दिवशी तो शब्द आर्काइव्हमध्ये शोधतो, पाचही मेल उघडतो, एकाची हॅश जुळवून बघतो. बीसीसीवाल्यात लपलेला पत्ता दिसतो का ते पाहतो. मग लॉगमधला आदल्या दिवसाचा मेलचा आकडा आणि आर्काइव्हमधला आकडा शेजारी ठेवतो.

सगळं मिळून वीस मिनिटं जातात. आतापर्यंत तीनदा पाचापैकी चारच सापडले आहेत, आणि तिन्ही वेळा बेपत्ता झालेला मेल 'आतून आत' हाच होता.